रिपोर्ट दर महिन्याला पुन्हा स्लो होतो? आधी सांगा, मागच्या वेळी कशानं बरा झाला

लासलगाव-पिंपळगावचे कांदा व्यापारी असोत की अंबड-सातपूरचे कारखानदार, तक्रार एकाच वाक्यात येते : "रिपोर्ट नुसता फिरतोय." एरवी दहा सेकंदांत येणारा खातेउतारा महिनाअखेर आली की पाच-सात मिनिटं घेतो, नाहीतर टाइमआउटचा मेसेज टाकून मोकळा होतो. मग कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, सगळं सुरळीत होतं आणि विषय संपतो. पुढच्या महिन्यात जीएसटीआर-वनची, म्हणजे विक्रीच्या मासिक जीएसटी विवरणपत्राची, ११ तारीख जवळ आली की पुन्हा तोच फोन.

अशा फोनवर बहुतेक जण पहिला प्रश्न "रॅम किती आहे?" असा विचारतात. मी विचारतो, "मागच्या वेळी काय केल्यावर ठीक झालं होतं?" तात्पुरता उपाय ज्याला लागू पडला, तेच बहुधा मूळ दुखणं असतं. रीस्टार्टनं बरा होणारा रिपोर्ट, इंडेक्स रिबिल्डनं (म्हणजे टेबलाची शोधसूची नव्यानं बांधून) बरा होणारा, रात्री आपोआप बरा होणारा आणि कशानंच बरा न होणारा, हे चार वेगळे आजार आहेत. सगळ्यांना एकच गोळी दिली की आजार परत येतो.

खालचं सगळं एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) चालणाऱ्या ईआरपी (धंद्याचं सगळं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा अकाउंटिंग सॉफ्टवेअरबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या मध्यम धंद्यांत तेच जास्त दिसतं. उदाहरणं कांदा खरेदीची घेतोय. प्रत्येक ट्रॅक्टर किंवा पिकअपची एक काटापट्टी, तिच्यावरून एक हिशोबपट्टी, तिच्याखाली हमाली-तोलाईच्या ओळी, मग पेमेंटची नोंद. एका वाहनामागे टेबलांत पाच-सात ओळी सहज पडतात. दोन-तीन मार्केटांत खरेदी असलेल्या फर्मचा डेटा काही वर्षांत पन्नास लाख ओळींवर गेला तर नवल नाही.

रीस्टार्ट केला की पळतो

इथे संशयित दोन : अडकलेलं लॉक (एकाची नोंद चालू असताना त्या ओळींना लागलेलं कुलूप) किंवा चुकीचा साठवलेला प्लॅन (डेटा कसा शोधायचा याचा सर्व्हरनं आखलेला मार्ग). रीस्टार्ट दोन्ही पुसून टाकतो, त्यामुळे नेमकं कोण होतं ते कळतच नाही. म्हणून पुढच्या वेळी रीस्टार्ट करण्याआधी दोन मिनिटं थांबा. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये) "एसपी हू टू" ही कमांड चालवा आणि "ब्लॉक बाय" हा कॉलम बघा. तिथे आकडा दिसला तर ते लॉकचं प्रकरण आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. आकडा नसून नुसतं टिंब असेल तर रिपोर्टच्या प्रोसिजरवर (सर्व्हरवर साठवलेल्या प्रोग्रॅमवर) फक्त "एसपी रीकंपाइल" चालवा, म्हणजे जुना प्लॅन टाकून दिला जातो, आणि रिपोर्ट पुन्हा काढा. लगेच पळाला तर चोर सापडला : पॅरामीटर स्निफिंग.

घडतं असं. प्रोसिजर पहिल्यांदा चालते तेव्हा एसक्यूएल सर्व्हर त्या वेळी मिळालेल्या शाखा, तारीख वगैरे किमती बघून प्लॅन तयार करतो आणि साठवून ठेवतो. सकाळी नाशिक ऑफिसमधून कुणी छोट्या शाखेचा एका दिवसाचा रिपोर्ट काढला. ओळी शंभरच, म्हणून सर्व्हरनं ठरवलं की एकेक ओळ इंडेक्समधून शोधायची आणि उरलेले कॉलम मूळ टेबलातून उचलायचे. शंभर ओळींना हे उत्तम. मग दुपारी कुणी लासलगाव शाखेचा पूर्ण सीझनचा रिपोर्ट मागितला. सर्व्हरनं तोच साठवलेला प्लॅन वापरला आणि लाखो ओळींसाठी लाखो फेऱ्या मारत बसला. उलटंही होतं : मोठ्या रिपोर्टचा प्लॅन आधी बसला तर छोटा रिपोर्ट विनाकारण अख्खं टेबल चाळतो. म्हणूनच ही तक्रार लहरी वाटते. एक दिवस पळतो, एक दिवस नाही, आणि डेटा तर तेवढाच.

उपाय साधा आहे. रिपोर्टच्या क्वेरीच्या (डेटा मागणाऱ्या आदेशाच्या) शेवटी "ऑप्शन रीकंपाइल" लावायचा, म्हणजे दर वेळी त्या वेळच्या पॅरामीटरनुसार नवा प्लॅन बनतो. प्लॅन बनवायला थोडा सीपीयू लागतो, पण मिनिटभर चालणाऱ्या रिपोर्टपुढे तो खर्च किरकोळ आहे. मात्र काटापट्टीच्या एंट्री स्क्रीनवर, जिथे तीच क्वेरी दिवसात हजारो वेळा चालते, तिथे हा उपाय लावू नका. कोड तुमच्या हातात नसेल आणि सर्व्हर २०१६ किंवा पुढचा असेल तर क्वेरी स्टोअर चालू करा. त्यात एकाच क्वेरीचे वेगवेगळे प्लॅन आणि प्रत्येकाला लागलेला वेळ दिसतो, आणि चांगला प्लॅन सक्तीनं लावता येतो. २०२२ च्या आवृत्तीत नव्या डेटाबेसवर ते आपोआप चालू असतं, आधीच्या आवृत्त्यांत हातानं चालू करावं लागतं. २०२२ मध्ये एकाच क्वेरीसाठी पॅरामीटरप्रमाणे एकाहून जास्त प्लॅन ठेवण्याची सोयही आली, पण डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी चालतो तो आकडा) १६० असेल तरच. सर्व्हर नवा आणि लेव्हल जुनी, असं चित्र नेहमी दिसतं, कारण अपग्रेड करताना डेटाबेस रिस्टोअर केला की जुनी लेव्हल तशीच राहते.

याच घरातलं आणखी एक कोडं : मॅनेजमेंट स्टुडिओत तीच प्रोसिजर दोन सेकंदांत, सॉफ्टवेअरमधून दोन मिनिटांत. व्हेंडरचा (सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा) माणूस स्टुडिओत चालवून दाखवतो, "आमच्याकडे तर फास्ट आहे," म्हणतो आणि फोन ठेवतो. दोन्हीकडच्या जोडणीत "अरिथअबॉर्ट" नावाचं एक सेटिंग वेगळं असतं, स्टुडिओत चालू आणि डॉटनेटच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, जोडणीत बंद. सेटिंग वेगळं म्हणून दोघांचे साठवलेले प्लॅनही वेगळे. चाचणी करताना स्टुडिओत ते बंद करा, मग सॉफ्टवेअरवाला खराब प्लॅन तुमच्याही वाट्याला येईल. स्टुडिओत क्वेरीला वेळेची मर्यादा नसते आणि डॉटनेटमध्ये ती मुळात ३० सेकंदांची असते, हेही लक्षात ठेवा. काही व्हेंडर ती मर्यादा दहा मिनिटं करून "सोडवलं" म्हणतात. त्यानं एरर जाते, रिपोर्ट तिथेच असतो.

इंडेक्स रिबिल्ड केला की पळतो

मग सगळे म्हणतात, फ्रॅगमेंटेशन (इंडेक्सची पानं विस्कटणं) होतं. बहुतेक वेळा ते नसतं. रिबिल्ड करताना त्या इंडेक्सची स्टॅटिस्टिक्स (कोणत्या किमतीच्या किती ओळी आहेत याचा सर्व्हरकडचा अंदाज) पूर्ण टेबल वाचून नव्यानं बनतात, आणि गुण त्याचाच येतो. एसएसडी असलेल्या मशिनवर तर फ्रॅगमेंटेशनचा फरक आणखी कमी. इथे एक गोम आहे : स्टॅटिस्टिक्स बदलली की जुना प्लॅनही रद्द होतो, म्हणजे वरचं स्निफिंगही त्यानं तात्पुरतं झाकलं जातं. म्हणून क्रम पाळा. आधी फक्त रीकंपाइल. त्यानं हललं नाही तर फक्त स्टॅटिस्टिक्स अपडेट, फुल स्कॅन लावून (म्हणजे पूर्ण टेबल वाचून). त्यानंही नाही तर रिबिल्ड. एका वेळी एकच गोष्ट करा, नाहीतर पुन्हा अंधारात.

स्टॅटिस्टिक्स शिळी होण्याचं गणित बघण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीत सर्व्हर ती आपोआप अपडेट करायचा, पण टेबलातल्या २० टक्के अधिक ५०० ओळी बदलल्यावर. पन्नास लाख ओळींच्या टेबलात म्हणजे दहा लाख ओळी पडेपर्यंत त्याला जुनंच चित्र दिसणार. २०१६ पासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल १३० असेल तर, मोठ्या टेबलांसाठी हा उंबरठा ओळींच्या हजारपटीच्या वर्गमुळाइतका झाला. त्याच टेबलाला आता साधारण ७१ हजार बदल पुरतात. पुन्हा तेच : लेव्हल जुनी असेल तर जुनाच नियम लागू.

आता आपल्याकडची खास वेळ पाहा. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष, सॉफ्टवेअरमध्ये नवा वर्ष-कोड, आणि त्याच सुमाराला उन्हाळ कांद्याची आवक जोर धरते. स्टॅटिस्टिक्समध्ये नव्या वर्षाच्या कोडची एकही ओळ नाही. जुना अंदाजकर्ता (ओळींचा अंदाज बांधणारा सर्व्हरचा भाग) असेल तर तो धरून चालतो की या कोडला जेमतेम एक ओळ असेल. एका ओळीसाठी आखलेला प्लॅन मग हजारो हिशोबपट्ट्यांवर चालतो. "मार्चपर्यंत ठीक होतं, एप्रिलमध्येच काय झालं?" याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. द्राक्ष निर्यात करणाऱ्यांचा सीझन जानेवारीपासून असल्यामुळे त्यांना हाच फटका "आजपर्यंतची पॅकिंग" सारख्या ताज्या तारखांच्या रिपोर्टमध्ये बसतो, कारण सर्वांत नव्या तारखा हीच स्टॅटिस्टिक्सची आंधळी बाजू.

म्हणून सीझनमध्ये रोज रात्री मोठ्या चार-पाच टेबलांची स्टॅटिस्टिक्स अपडेट करा. एक्स्प्रेस या मोफत आवृत्तीत एसक्यूएल एजंट (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, पण विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून "एसक्यूएल सीएमडी" चालवून हेच काम होतं. आणि मेंटेनन्सच्या स्क्रिप्टमध्ये कुणी शेवटी "श्रिंक डेटाबेस" (डेटाबेसची फाइल आवळून छोटी करणं) ठेवलं असेल तर आजच काढा. आधी तासभर रिबिल्ड करायचं आणि मग श्रिंक करून इंडेक्स पुन्हा विस्कटायचे, असली स्क्रिप्ट अजूनही ठिकठिकाणी दर रविवारी इमानेइतबारे चालते.

रात्री पळतो, दिवसा रडतो

लिलाव सुरू असताना काट्यावर एंट्री चाललेली असते, आणि त्याच वेळी ऑफिसात शेठला आजच्या खरेदीचा रिपोर्ट हवा असतो. मूळ सेटिंगमध्ये वाचणारा लिहिणाऱ्यासाठी थांबतो. एंट्री क्षणात सेव्ह होत असेल तर हे जाणवतही नाही. पण काही सॉफ्टवेअर एंट्री फॉर्म उघडल्यापासून सेव्ह करेपर्यंत ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का होणारा नोंदींचा गठ्ठा) उघडं ठेवतात, म्हणून लॉकही सुटत नाही. क्लार्क अर्धी हिशोबपट्टी भरून मिसळ खायला गेला की सगळं ऑफिस त्याच्या परत येण्याची वाट बघतं. "ब्लॉक बाय"मधला नंबर धरून मागे मागे गेलं की त्याचं मशीन सापडतं.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे सगळीकडे "नोलॉक" लावणं, म्हणजे लॉकची पर्वा न करता वाचणं. पैशाच्या रिपोर्टला माझा याला ठाम विरोध आहे. नोलॉकनं सेव्ह न झालेल्या ओळी बेरजेत येतात, एवढंच लोकांना माहीत असतं. वाचत असताना ओळी जागा बदलत असतील तर तीच ओळ दोनदा येऊ शकते किंवा मुळीच येत नाही. शेतकऱ्याचं देणं काढताना हे चालेल? त्याऐवजी डेटाबेसवर "रीड कमिटेड स्नॅपशॉट" चालू करा. मग वाचणाऱ्याला शेवटची सेव्ह झालेली प्रत मिळते आणि वाचणारा व लिहिणारा एकमेकांसाठी थांबत नाहीत. एक्स्प्रेसमध्येही हे चालतं. चालू करताना दुसरं कुणी डेटाबेसला जोडलेलं नसावं लागतं, आणि टेम्प डीबीवर (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसवर) भार वाढतो, म्हणून तिथे जागा बघून ठेवा. व्हेंडरला विचारल्याशिवाय करू नका, कारण काही सॉफ्टवेअरचं स्टॉक वजा करण्याचं लॉजिक जुन्या लॉकवर विसंबून असतं.

दिवसातल्या ठरावीक वेळीच रिपोर्ट अडकत असेल तर बॅकअप आणि अँटीव्हायरसचं वेळापत्रकही बघा. डेटाबेसच्या फाइल अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळायच्या असतात.

कशानंच पळत नाही, दरवर्षी थोडा जास्त स्लो होतो

हा चौथा प्रकार. इथे सर्व्हर बिचारा निर्दोष असतो, त्याला कामच अवाढव्य दिलेलं असतं. मोजायचं कसं? स्टुडिओत "स्टॅटिस्टिक्स आयओ" चालू करून क्वेरी चालवा आणि लॉजिकल रीड्स बघा. एक रीड म्हणजे ८ केबीचं पान. लाखभर रीड्स म्हणजे जवळपास ८०० एमबी वाचन. एका शेतकऱ्याच्या वीस ओळींच्या उताऱ्याला एवढं वाचन होत असेल तर दोष क्वेरीत आहे, मशिनमध्ये नाही.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे आरंभीची शिल्लक. एप्रिल ते जूनचा उतारा मागितला की अनेक सॉफ्टवेअर ३१ मार्चची शिल्लक काढण्यासाठी सॉफ्टवेअर बसवल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदींची बेरीज करतात, तीही प्रत्येक खात्यासाठी, दर वेळी. गल्ल्यात किती पैसे आहेत ते सांगायला दुकान उघडल्यापासूनची सगळी बिलं पुन्हा बेरजेला घ्यावीत, तसं. तीस-चाळीस हजार शेतकऱ्यांच्या खात्यांची येणं-देणं यादी काढताना हे गणित कुठे जातं ते दिसतंच आहे. दर महिन्याची शिल्लक खातं आणि शाखानिहाय वेगळ्या टेबलात साठवा. रिपोर्टनं मागच्या महिन्याची शिल्लक उचलायची आणि पुढच्या काही दिवसांच्याच नोंदी मिळवायच्या. डेटा कितीही वाढला तरी रिपोर्टचं काम वाढत नाही.

याची एक किंमत आहे, आणि ती लोकांना आवडत नाही : मागच्या तारखेच्या एंट्र्या. सीए ऑडिटला बसले की ऑक्टोबरची नोंद फेब्रुवारीत येते. म्हणून बंद झालेला महिना लॉक करायचा, आणि लॉक उघडून नोंद केलीच तर त्या महिन्यापासून पुढच्या सगळ्या शिल्लका पुन्हा काढणारी प्रोसिजर आपोआप चालली पाहिजे. ती नसेल तर साठवलेली शिल्लक आणि खरी शिल्लक यांत फरक पडतो, आणि स्लो रिपोर्टपेक्षा चुकीचा रिपोर्ट महागात जातो. रोज रात्री दोन्ही ताडून बघणारी एक छोटी क्वेरी लावून ठेवा.

दुसरा गुन्हेगार लेखनाच्या पद्धतीत असतो. अटीमध्ये तारखेच्या कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं, म्हणजे "तारखेचं वर्ष बरोबर २०२४" असं लिहिलं, की तारखेवरचा इंडेक्स थेट शोधासाठी निरुपयोगी होतो आणि सगळा चाळावा लागतो. "१ एप्रिल किंवा नंतर आणि १ मेच्या आधी" अशी हद्द लिहा. यानं शेवटच्या दिवशी वेळेसकट पडलेल्या नोंदीही सुटत नाहीत.

तिसरा आपल्या मराठीतून येतो. शेतकऱ्यांची नावं देवनागरीत ठेवायची म्हणून नावाचा कॉलम "एनव्हारकॅर" (युनिकोड अक्षरांचा प्रकार) असतो, ते बरोबरच आहे. पण मग प्रोग्रॅम सगळेच पॅरामीटर एनव्हारकॅर म्हणून पाठवतो आणि शेतकरी-कोडचा कॉलम मात्र साधा "व्हारकॅर" असतो. जुळवणीसाठी सर्व्हर कॉलममधला प्रत्येक कोड बदलून बघतो. "एसक्यूएल" नावानं सुरू होणारं कोलेशन (अक्षरं जुळवण्याचे आणि क्रम लावण्याचे नियम) असेल तर कोडवर इंडेक्स असूनही तो पूर्ण चाळला जातो. प्लॅनमध्ये पिवळ्या त्रिकोणाखाली "कन्व्हर्ट इम्प्लिसिट" असं लिहून येतं. बदल प्रोग्रॅममध्ये करायचा : कोडचा पॅरामीटर व्हारकॅर म्हणून पाठवा. टेबल बदलायची गरज नाही.

इंडेक्सबद्दल थोडक्यात. शाखा आणि तारखेवर रिपोर्ट असेल तर इंडेक्समध्ये आधी शाखा, मग तारीख, कारण शाखेची अट "बरोबर"ची आणि तारखेची "पासून-पर्यंत"ची. वजन, रक्कम असे बेरजेचे कॉलम "इन्क्लुड"मध्ये टाकले की मूळ टेबलाकडे जावंच लागत नाही. प्लॅनमध्ये हिरव्या अक्षरांत येणाऱ्या सगळ्या सूचना मात्र डोळे झाकून लावू नका. प्रत्येक इंडेक्स काट्यावरच्या प्रत्येक एंट्रीला थोडा थोडा जड करतो.

क्वेरी फास्ट, कागद स्लो

स्टुडिओत क्वेरी खरोखर झटक्यात येत असेल आणि ब्लॉकिंगही नसेल, तर रिपोर्टचं डिझाइन उघडून बघा. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये (रिपोर्ट मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तपशिलाच्या सेक्शनमध्ये सबरिपोर्ट (रिपोर्टातला रिपोर्ट) ठेवला की प्रत्येक ओळीला एक वेगळी क्वेरी जाते. "पान १, एकूण ४२०" असं छापायचं असेल तर पहिलं पान दाखवण्याआधी सगळी ४२० पानं मांडावी लागतात. ती "एकूण" काढली की पहिलं पान लगेच येतं, आणि ४२० पानं शेवटी कुणी वाचतही नाही.

आणि नवा सर्व्हर?

घ्या, पण आधी आवृत्ती तपासा. एक्स्प्रेस असेल तर मशीनमध्ये ६४ जीबी रॅम टाकली तरी डेटासाठी एका इन्स्टन्सला (सर्व्हरच्या एका चालू प्रतीला) सुमारे १४१० एमबीच वापरता येते, कोर जास्तीत जास्त चार, आणि २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत डेटाबेसची हद्द १० जीबी. आठ जीबीचा डेटा दीड जीबीत फिरवणारा सर्व्हर नवा असो की जुना, डिस्कवरच धावत राहणार. अशा ठिकाणी मशीनपेक्षा लायसन्सवर खर्च करणं शहाणपणाचं. एक्स्प्रेसमध्ये बनलेल्या डेटाबेसवर "ऑटो क्लोज"ही चालू असू शकतं. शेवटचा माणूस बाहेर पडला की डेटाबेस बंद, म्हणून सकाळचा पहिला रिपोर्ट कायम स्लो. ते एका क्लिकमध्ये बंद होतं.

व्हेंडरला मेल करताना "रिपोर्ट स्लो आहे" एवढंच लिहू नका. कोणता रिपोर्ट, कोणती शाखा, कोणत्या तारखा, किती वाजता, ब्लॉकिंग होतं का, रीकंपाइलनं फरक पडला का, लॉजिकल रीड्स किती, आणि सेव्ह केलेली एक्झिक्युशन प्लॅनची फाइल. एवढं गेलं की "आमच्याकडे फास्ट आहे" हे उत्तर येत नाही.

"डेटा वर्षानुसार तोडा" असं उत्तर आलं तर घाई करू नका. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात आणि कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं. तोडायचंच असेल तर जुना डेटाबेस वाचण्यापुरता उघडा ठेवा, त्याचा बॅकअप दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून पाहा, आणि एका जुन्या शेतकऱ्याचा दोन वर्षांचा सलग उतारा दोन्हीकडून मिळून निघतो का, हे तोडण्याआधी व्हेंडरकडून करून घ्या.